मरीचीच्या शेजारचा भोवरा

दुपारी जेवणं आवरून सगळी बिल्डिंग आडवी झाली की दोन घरघराटी सुरू व्हायच्या. खालच्या मजल्यावर राव मामींच्या ग्राइंडरमध्ये इडलीचं पीठ फिरायचं, आणि वर आमच्या गॅलरीत मी काचेवर काच फिरवायची. नुसतं ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळायचा नाही. कोपऱ्यावरची फुलवाली एकदा आईला म्हणाली, "अम्मा, रोज दळता, तुमच्या घरी एवढी इडली खातं तरी कोण?" आईनं गजरा डोक्यात खोचत, तिला जमायचं तेवढ्या तमिळमध्ये सांगितलं, "इडली नाही ग बाई, माझी लेक काच दळते." फुलवालीनं हनुवटीला हात लावला. त्यानंतर मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या त्या गल्लीत मी काच दळणारी मुलगी झाले. भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे आपुलकीनं विचारायचे, झाली का काच? मला राग यायचा. झाली असती तर मी दिसले असते का गॅलरीत?

काम असं होतं. पत्र्याचं एक पिंप वाळूनं भरून गॅलरीत उभं केलेलं. त्यावर जाड काचेची एक गोल वडी पक्की बसवलेली, आणि तिच्यावर तेवढीच दुसरी. मध्ये काळी खरखरीत पूड आणि पाणी. वरची वडी पुढं-मागं ढकलायची, ती थोडी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. असं महिनोन् महिने. वरची काच मधून खोल होत जाते, तो दुर्बिणीचा आरसा. पूड दर टप्प्याला बारीक होत जाते, आणि शेवटी राळेच्या गादीवर सोनार वापरतात ती तांबडी मऊ पूड घेऊन काच चकचकीत करायची. नियम एकच, पण कडक: जाड पुडीचा एक कणसुद्धा पुढच्या टप्प्यात येता कामा नये. आला तर काचेवर ओरखडे, आणि पुन्हा मागं. हे मला शिकवणारे चक्रपाणि सर तांबरमच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते मला टप्पा बदलताना नखंसुद्धा ब्रशनं घासायला लावायचे. "अम्मा, नखातला कण तुझा शत्रू," असं इंग्रजीत म्हणायचे आणि स्वतःची नखं दाखवायचे. ती डॉक्टरसारखी स्वच्छ असत.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पिंपाभोवती फिरता फिरता क्वांटमची सूत्रं मोठ्यानं म्हणायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "वैजू, जरा हळू! बिल्डिंगमध्ये झोपलेत सगळे." आईचं स्वयंपाकघर तोवर अर्धं मद्रासी झालं होतं. थालीपिठात शेवग्याचा पाला यायचा, सकाळी फिल्टर कॉफी आणि संध्याकाळी मात्र बाबांसाठी चहा. गोडा मसाला पुण्याहून मावशी पाठवायची आणि तो आई दागिन्यांसारखा जपायची. घरात एकच कपाट असं होतं जिथं स्टीलचे एकसारखे डबे रांगेनं होते, आणि त्यातला शेवटचा, झाकणाला पोचा आलेला, माझा. त्यात सोनारांची तांबडी पूड होती. आज मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथं पॉलिशची पूड कुलपात असते आणि डब्यावर चार सूचना असतात. तेव्हा डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. घरातला डबा, त्यावर काय लिहायचं?

आता बाबा. बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. बोलणं कमी, आणि बोलले की बदल नाही. माझी इच्छा एम.एस्सी. करायची, तेही पुण्याला. जूनमध्ये तिथं प्रवेश परीक्षा होती. बाबांच्या मनात बँकेची परीक्षा. बिल्डिंगमधली बाकीची पोरं तेव्हा पेरुंगुडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत भराभर चिकटत होती, आणि संध्याकाळी जिन्यात भेटलं की त्यांचे वडील बाबांना हटकून विचारायचे, तुमची वैजयंती काय करणार? बाबांना उत्तर देता यायचं नाही, आणि उत्तर देता न येणं त्यांना सहन होत नसे. डिसेंबरात पाऊस संपून आभाळ धुतल्यासारखं झालं तेव्हा मी त्यांना हट्टानं तांबरमला सरांच्या गच्चीवर नेलं. सरांच्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका दाखवली. बाबांनी चष्मा काढला, डोळा लावला, बराच वेळ वाकून उभे राहिले.

"कुठाय?"

"मधोमध आहे ना, बाबा. फिक्कट."

"हे? हे तर आरशावर वाफ धरल्यासारखं काहीतरी आहे."

येताना लोकलमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. सैदापेट गेल्यावर म्हणाले, "पुस्तकात चक्र असतं. फिरलेले हात असतात. ते कुठं गेलं?" मी समजावलं, की डोळ्यात प्रकाश साठत नाही, फिल्मवर साठतो, कॅमेरा अर्धा-पाऊण तास उघडा ठेवला तर चक्र उमटतं. बाबा म्हणाले, "मग साठव. तू घासतेस त्या काचेतून मला चक्र दाखव. जूनच्या आत. दाखवलंस तर पुण्याला परीक्षेला जा, मी मध्ये येणार नाही. नाही दाखवलंस तर हे वाफेचं खूळ पुरे, मुकाट्यानं बँकेच्या क्लासला बसायचं." मी म्हटलं, "कबूल." आमचं स्टेशन आलं होतं, मी उठून दाराशी गेले.

बारीक घासणी डिसेंबर संपता संपता झाली. राळ वितळवून गादी केली, घरभर टर्पेंटाइनचा वास. आईनं दोन दिवस पोळ्या नाकाला पदर लावून केल्या, पण तक्रार केली नाही. मग तांबडी पूड. पाण्यात कालवून ब्रशनं लावायची आणि फिरवत राहायचं. हा टप्पा मला सगळ्यात आवडायचा. घरघर थांबलेली, नुसता एक लोण्यासारखा सरसर आवाज, आणि दर बैठकीला काच थोडी अधिक काळी आणि खोल दिसायला लागलेली. बाहेर मार्गळीचा महिना, म्हणजे धनुर्मास. पहाटे देवळाच्या कर्ण्यावरून गाणी, आणि प्रत्येक दारात कोलम, इकडची रांगोळी. राव मामींचा कोलम गल्लीत पहिला नंबर.

मामींची ओळख करून द्यायलाच हवी. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज कधी काळी इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा कितीतरी जुनं, पण चाल पूर्ण तमिळ. पहिल्या दिवशी त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही पण मराठी की! देवच पावला हो," आणि आईचे डोळे भरून आले, कारण घर लावून आठवडा झाला तरी तिच्याशी कोणी मराठी बोललं नव्हतं. तेव्हापासून दोघींचं वाट्यांचं येणं-जाणं. आमच्याकडून पुरणपोळी खाली जायची, खालून डांगर पचडी वर यायची. आणि वाटी मोकळी परत करायची नाही, हा दोघींच्याही घरातला नियम. तो कुणी कुणाला शिकवावा लागला नव्हता. दोघींचं सगळ्यात जास्त जुळलं ते त्याच्यावर.

पोंगलच्या आदल्या संध्याकाळी मामींची काव, म्हणजे गेरू, संपली. कोलमला तांबडी किनार हवी, त्याशिवाय सण कसला? दुकानं बंद. मामी वर आल्या. मी घरी नव्हते. आईनं कपाट उघडलं, तांबड्या पुडीचा डबा दिसला, आणि तिनं मनात म्हटलं की पोरीची पूड म्हणजे शेवटी कावच, वाटीभर दिली तर काय बिघडलं? दिली. पोंगलच्या दिवशी खाली केवढा तरी रथाचा कोलम, भोवती तांबडी किनार. मी स्वतः त्याच्यावरून उडी मारून दूध आणायला गेले आणि मामींना म्हटलं, "काय सुंदर रंग आलाय!" मामी म्हणाल्या, "तुमच्याच घरची काव, कण्णा. केवढी मऊ ती!" मी हसले. माझ्या डोक्यात काही आलं नाही. सण होता, गोड पोंगलचा वास होता, मी पुढं गेले.

दोन दिवसांनी दुकानं उघडली. मामींनी चांगली, ताजी काव आणली आणि घेतली होती त्याहून जास्त, शीग लावून वाटी परत केली. आईनं ती माझ्या डब्यात ओतली. चमच्यानं ढवळून सारखीसुद्धा केली, बाई माझी.

त्या दुपारी आवाज बदलला. सरसर होती तिथं किर्र असं काहीतरी आलं. मी थांबले, काच उचलली, पाण्याखाली धरली, उजेडाकडं तिरकी केली. तिच्यावर मांजरानं खेळ केला होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत ओरखडे, लहान, मोठे, गोल, एकात एक. मी डबा उघडून पूड बोटात चोळली. वाळू. कावेत वाळूच असते, डोंगराची माती ती. मी स्वयंपाकघरात गेले आणि डबा ओट्यावर आपटला.

"आई, ह्याच्यात काय घातलंस?"

आईनं सगळं सांगितलं. तिला अजून वाटत होतं की मी जास्त झाल्याबद्दल विचारतेय. मी ओरडले. तीन महिन्यांचं काम गेलं, तुला काही कळतं का, माझ्या वस्तूला हात का लावलास. आईच्या हातात लाटणं होतं, ते तिनं खाली ठेवलं. तिनं डब्यातली चिमूट घेतली, बोटांत चोळली, आणि तिचा चेहरा पडला. "अगं बाई, ही खरखरीत आहे," एवढंच ती म्हणाली. मग दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात मला म्हणाली, "मला काय बोलायचं ते बोल. पण मामींना हे कळता कामा नये. त्यांनी मनापासून शीग लावून दिलंय. कळलं तर त्या बाईला सणाचं गोड लागणार नाही कधी." मी रागात होते, पण हे मला पटलं. आम्ही दोघींनी ते गिळलं, आणि पुढं कधीही काढलं नाही. परिणाम असा, की मामी पुढचे चार महिने जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "भिंग झालें की नाही गे? काव संपली असेल तर माग हो, लाजूं नको. आमच्याकडे पुष्कळ आहे." मी दात आवळून "नको मामी, भरपूर आहे" म्हणायची, आणि आई मागं उभी राहून छताकडं बघायची.

सरांना काच दाखवायला नेली तेव्हा त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "एक-दोन ओरखडे असते तर मी म्हटलं असतं, राहू दे. हे फार आहेत. दोन टप्पे मागं." दोन टप्पे मागं म्हणजे मार्च. मार्चमध्ये देवयानी संध्याकाळच्या संधिप्रकाशात बुडते, ती पुन्हा वर्षाच्या शेवटाला. आणि बाबांचा जून. मी बाबांकडे मुदत मागायला गेले नाही. का गेले नाही? मला माहीत होतं ते काय म्हणतील ते, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे मला विचारायचंच नव्हतं. सर म्हणाले, "देवयानी सोड. ती तशीही आपल्याला तिरकी दिसते, चक्र दिसणार नाही नीट. तुझ्या अप्पांना चक्र हवंय ना? मग भोवरा घे." सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची हा तारा आहे. त्याच्या शेजारी एक दीर्घिका अशी, की ती आपल्याला समोरून दिसते, पाण्यातल्या भोवऱ्यासारखी, हात बाहेर फेकलेली. ती मे महिन्यात रात्री नऊ-दहाला उत्तरेला छान वर येते. "पण ती फिक्कट आहे," सर म्हणाले. "देवयानीपेक्षा पुष्कळ फिक्कट. शहरातून जमणार नाही. आणि हातानं चालवून पाऊण तास. जमेल?" मी म्हटलं, "जमेल." सर हसले. "विचार करून सांग म्हटलं असतं तरी तू हेच म्हणाली असतीस."

मग मी पुन्हा दळायला लागले. फुलवालीनं आईला विचारलं, "परत?" आई म्हणाली, "परत." बी.एस्सी.ची परीक्षा एप्रिलमध्ये होती आणि काच त्याआधी संपवायची होती. पहाटे अभ्यास, दुपारी काच, रात्री अभ्यास. आईनं माझ्यासाठी नवी पूड आणायला सोनारांच्या गल्लीत स्वतः जायचं ठरवलं. ती गेली, दुकानात पूड बोटांत चोळून, गालाला लावून बघितली, आणि दुकानदाराला तिसरी पिशवी उघडायला लावली. घरी येऊन डबा तिनं आपल्या साड्यांच्या कपाटात ठेवला. आता मला हसू येतं, पण तेव्हा मी तिच्याशी धड बोलत नव्हते. मी पिंपाभोवती फिरायला लागले की ती मुकाट्यानं ताकाचा पेला कठड्यावर ठेवून जायची.

मे महिना. कत्तिरीचं ऊन, मद्रासमध्ये त्या दिवसांत कोणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. आरसा बंगळुरूहून ॲल्युमिनियमचा लेप लावून आला होता, बाबांच्या ऑफिसातल्या कुणाबरोबर, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून. नळी प्लायवूडची, स्टँड सरांच्या ओळखीच्या वेल्डरकडून. मुख्य नळीवर एक छोटी दुर्बीण, तिच्या आत तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींना छेदून लावलेल्या. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. कॅमेरा उघडा असताना एक माणूस त्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून बसतो, आणि एक तारा त्या फुलीवर धरून ठेवण्यासाठी चाक हळूहळू फिरवत राहतो. तारा मुद्दाम जरा धूसर करायचा, म्हणजे त्याची चकती होते, आणि फुलीमुळे चकतीचे चार भाग दिसतात. चारही सारखे राहिले पाहिजेत, पाऊण तास, डोळा न हलवता. हल्ली मोटर आणि संगणक हे सगळं करतात, आणि मुलं फोनवरून गादीत लोळत दीर्घिकेचे फोटो काढतात. काढू देत. मला त्यांचा हेवा वाटत नाही असं म्हणणार नाही.

अमावास्येच्या आसपास आम्ही निघालो. चेंगलपट्टूच्या अलीकडं सरांच्या चुलतभावाचं शेत होतं, तिथं काळोख असतो म्हणून. मांबलमला लोकलमध्ये नळी चढवताना पोलिसानं विचारलं, "तोफ आहे की काय?" बाबांनी रेल्वेचा पास दाखवला आणि गंभीरपणे म्हणाले, "दुर्बीण आहे. मुलीनं केलीय." मी बाबांकडं बघितलं, ते दुसरीकडं बघत होते. ते आले होते कारण पोरगी रात्रीची बाहेर जाणार, आणि आई आली होती कारण बाबांचं जेवण. तिनं दहीभात, मेतकूट, लिंबाचं लोणचं घेतलं होतं आणि मामींनी पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा दिला होता. उजेड होता तेव्हाच मी आई-बाबांना शेताच्या बांधावर उभं करून एक फोटो काढला. त्याला कारण होतं. काळ्या फ्रेमा स्टुडिओच्या मशीनला रिकाम्या वाटतात आणि ते फिल्म भलत्या जागी कापतं. पहिला फोटो दिवसाचा असला की त्याला माप कळतं. बाबा म्हणाले, "शर्ट बदलू का?" इतकं सहज म्हणाले की आई फोटोत हसताना आलीय.

अंधार पडला. सप्तर्षी उत्तरेला लटकले होते. मरीची सापडला, त्याच्या बाजूला सरकत सरकत मी तो फिक्कट डाग मध्ये आणला. दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्याची केबल दाबून अडकवली, कॅमेरा उघडा झाला, आणि मी छोट्या दुर्बिणीला डोळा लावला. चार भाग सारखे. चाक. पुन्हा सारखे. घाम भुवयांवरून गळत होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता. बराच वेळ छान गेला. आणि मग बांधाशी सळसळ झाली. बाबांनी "साप!" म्हणून बॅटरी लावली आणि तिचा झोत सरळ दुर्बिणीच्या तोंडावरून फिरला.

मुंगूस होतं. पळून गेलं.

मी केबल सोडली. फ्रेम गेली होती. मी तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं देव जाणे. बाबांनी बॅटरी उघडली, आतले सेल काढले, खिशात घातले आणि लांब जाऊन एका दगडावर पाठमोरे बसले. सर हळूच म्हणाले, "अम्मा, पूर्वेकडं बघ." समुद्राच्या बाजूनं ढग चढत होता, त्यात मधूनच वीज लखलखत होती. सरांनी हिशेब केला. एक फोटो होईल. लगेच सुरू केला तर.

मी फिल्म पुढं सरकवली आणि पुन्हा बसले. पण डोळा थकला होता. थोड्या वेळानं चकती एकाच्या दोन दिसायला लागली, पाणी वाहायला लागलं, भाग कुठले आणि किती काही कळेना. सरांना मोतीबिंदू, त्यांचा उपयोग नाही. मी आवळलेल्या दातांतून म्हटलं, "दिसत नाही मला." आई जवळच होती. तिनं विचारलं, "नक्की काय बघायचं असतं?"

"चकती असते. तिचे चार भाग. चारही सारखे ठेवायचे. हे चाक."

"म्हणजे चतकोर."

"हो, चतकोर."

"सरक."

"आई, नको, तुला जमणार नाही, पाव मिनिट जरी..."

"वैजू, जन्मभर भाकरीचे चतकोर सारखे करतेय. सरक म्हणते ना."

आवाज तिचा होता, पण असा मी तो कधी ऐकला नव्हता. मी चाकावरचा हात न काढता बाजूला झाले. तिनं डोळा लावला, माझ्या हातावर हात ठेवला, दोन वेळा माझ्याबरोबर चाक फिरवलं आणि मग माझा हात झटकला. पदर कमरेला खोचलेला, एक गुडघा मातीत. सर घड्याळ बघत होते. मी डोळे पुसत उभी राहिले आणि ढग बघत राहिले. आई श्वाससुद्धा बेतानं घेत होती. एकदा ती हळूच म्हणाली, "डावीकडं पळतंय बघ लबाड," आणि तिनं त्याला परत आणलं. ढगाची कड सप्तर्षींच्या अगदी जवळ आली तेव्हा सर म्हणाले, "बस," आणि मी केबल सोडली. आईला उठवायला लागलं, तिचा पाय बधिर झाला होता. मी तिला धरलं आणि सोडलंच नाही बराच वेळ. ती म्हणाली, "अगं, दहीभात आंबेल, जेवून घ्या."

स्टुडिओतल्या पोरानं फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाला, "मॅडम, एक फोटो आलाय, अम्मा-अप्पांचा. बाकी दोन फ्रेम फुकट." मी म्हटलं, "शेवटची प्रिंट कर." तो म्हणाला, "मॅडम, त्यात काही नाही." मी काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हटलं, "प्रिंट कर, आणि मोठी कर. मी इथंच उभी आहे." त्यानं केली. मशीनमधून कागद बाहेर आला, ओलसर, करडा. मी तो बघितला आणि स्टुडिओतल्या स्टुलावर बसले. त्या पोरानं मला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी बाबा आले. हातपाय धुतले, शर्ट खुंटीला लावला. मी प्रिंट त्यांच्या हातात दिली. ते गॅलरीत, पिंपाजवळ, उजेडाला गेले. चष्मा काढला आणि कागद नाकाला लागेल इतका जवळ धरला. मी काहीही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि नखं तळहातात रुतवून उभी होते. सगळीकडं दाणे दाणे होते, तारे जरा लांबट झाले होते, पण मधोमध ते होतं. बाबांचं बोट कागदावर फिरायला लागलं. मधून निघालं, वळलं, बाहेर गेलं. "हा एक हात," ते म्हणाले. पुन्हा मधून निघालं, दुसऱ्या बाजूनं. "हा दुसरा." मग त्या हाताच्या टोकाशी थांबलं. "आणि इथं ही लहान कोण?"

"ती वेगळी दीर्घिका आहे, बाबा. छोटी. मोठीच्या शेजारून चाललीय."

"हिचा हात तिच्यापर्यंत पोचलाय."

"हो. ओढतात त्या एकमेकींना. हात ताणला गेलाय म्हणून."

"पण ती जाणार?"

"बहुतेक."

बाबांचं बोट त्या छोटीवरच राहिलं. रस्त्यावर पालेभाजी विकणारी कीरैवाली ओरडत गेली, खाली मामींचा ग्राइंडर सुरू झाला. आई दारात येऊन उभी होती, हात पिठाचे. "अहो, बोला की काहीतरी," ती म्हणाली. बाबांनी चष्मा लावला, प्रिंट टेबलावर नीट सपाट ठेवली, तिच्यावर पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून पेला ठेवला. मग खुंटीवरचा शर्ट काढून पुन्हा अंगात घातला.

"आता कुठं निघालात? चहा टाकलाय मी."

"स्टेशनवर. बुकिंगची खिडकी आठपर्यंत उघडी असते. पुण्याची गाडी जूनमध्ये भरून जाते. आज नाही काढलं तर वेटिंगवर जाईल पोरगी."

चपला घालून ते निघाले. मी जागची हलले नाही. मला वाटत होतं की हललं तर काहीतरी मोडेल. जिना अर्धा उतरल्यावर पावलं थांबली, आणि खालून आवाज आला, तोच ऑफिसचा, कोरडा, हिशेब खात्यातला.

"वैजू, खिडकी पाहिजे ना तुला?"

मी तोंडावर ओढणी दाबून रडत होते. आई कठड्यावरून वाकली आणि साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "पाहिजे! तिला खिडकीच पाहिजे!"